देश पाहायला कधी निघावे? दख्खनच्या वाटा, चिखल आणि पंचांग

माझा मावसभाऊ जर्मनीत नोकरी करतो. त्याच्या कचेरीतले चौघेजण पहिल्यांदाच भारतात येणार आहेत. मागच्या आठवड्यात त्याचा निरोप आला : "तू इतिहासवाली आहेस ना, मग सांग, आपला देश बघायला कोणता महिना सगळ्यांत चांगला?" मी सवयीने 'ऑक्टोबर ते मार्च' असे लिहिले आणि पाठवण्याआधीच थांबले. हे उत्तर आपण इतक्या सहजतेने देतो; पण ते मुळात कोणाचे? कोणत्या प्रवाशाच्या सोयीसाठी ते ठरले? आणि जो प्रवासी पर्यटक नव्हता, म्हणजे जो सैनिक होता, बैलांवर माल लादणारा होता, भिक्षू होता किंवा वारकरी होता, त्याचे उत्तर काय होते?

मित्रहो, आजचा धागा त्या न पाठवलेल्या उत्तरातून निघाला आहे. धागा लांब आहे आणि तो परभणीहून लिहिला जात आहे, त्यामुळे गोदावरी त्यात वारंवार आडवी येईल.

आरंभ कौटिल्यापासून करू. 'अर्थशास्त्रा'च्या नवव्या अधिकरणात राजाने स्वारीसाठी केव्हा निघावे याची चर्चा आहे. ती आजच्या प्रवासपुस्तिकेपेक्षा अधिक बारकाईची वाटते. लांब पल्ल्याची स्वारी असेल तर मार्गशीर्ष-पौषात निघावे, मध्यम पल्ल्याची चैत्र-वैशाखात, जवळची ज्येष्ठ-आषाढात. पुढे तो प्रदेशाप्रमाणे ऋतू वाटून देतो. जो मुलूख फार उष्ण आहे, जिथे चारा, सरपण आणि पाणी कमी आहे, तिथे हेमंतात जावे. जिथे हिम आणि झड यांचा त्रास आहे, खोल पाणी किंवा दाट गवत-झाडी आहे, तिथे ग्रीष्मात जावे. एकाच देशाला एकच 'चांगला हंगाम' नसतो, हे त्याला पक्के ठाऊक आहे. आजही काश्मीरला नेमके ज्या महिन्यांत जावे त्या महिन्यांत विदर्भात जाऊ नये, आणि आपला पाऊस संपतो तेव्हा तमिळनाडूचा खरा पाऊस सुरू होतो.

पण कौटिल्याचे तिसरे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जो प्रदेश आपल्या सैन्याच्या हालचालीला सोयीचा आणि शत्रूच्या सैन्याला गैरसोयीचा असेल, तिथे भर पावसात जावे, असे तो सुचवतो. म्हणजे ऋतू चांगला की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. तो कोणासाठी, हे आधी विचारायला हवे. हे वाक्य लक्षात ठेवा. गोदावरीच्या काठावर ते दोनदा प्रत्यक्षात उतरलेले आपण पाहणार आहोत.

आता माती. मराठवाड्याची काळी माती पावसाचे पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात हात आत जाईल इतकी भेगाळते. जुलैमध्ये आमच्याकडच्या एखाद्या पाणंद रस्त्याने शंभर पावले चालून पाहा. प्रत्येक पावलागणिक चपलेखाली चिखलाचा एक थर वाढतो आणि शेवटी माणूस चपला हातात घेतो. माणसाचे एवढे, तर भरल्या गाडीचे काय? चाकाच्या आऱ्यांत गारा भरला की उत्तम खिलारी जोडीही जागची हलत नाही. शेतकरी पेरणीसाठी वाफशाची वाट पाहतो, तशीच वाट गाडीवानही पाहत असे. दोघांचे पंचांग एकच होते. त्यात गोदावरी, पूर्णा, दुधना. पूल नव्हते तेव्हा या नद्या पावसाळ्याचे चार महिने जिल्ह्याचे तुकडे पाडत असत. पाथरीचा माणूस आणि गंगाखेडचा माणूस यांच्यामधले अंतर कोसांत मोजायचे नसे, नदीला उतार केव्हा मिळेल यावर मोजायचे असे.

म्हणून थांबणे हीसुद्धा एक व्यवस्था झाली. बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासाची कथा विनयपिटकात आहे. पावसाळ्यात भिक्षू फिरतात, हिरवे गवत-अंकुर तुडवतात, बारीक जीव मारतात, अशी लोकांनी तक्रार केली आणि मग बुद्धांनी तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. जैन साधूंचा चातुर्मास याच जातीचा आहे. आमच्या जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या जैन गुंफा पाहायला आज लोक हिवाळ्याच्या सुट्टीत जातात, पण चातुर्मास पाळणारे साधुसाध्वी अजूनही पावसाळ्यात जिथे असतील तिथेच थांबतात. अजिंठ्याचे विहार ज्या भिक्षुसंघासाठी कोरले गेले, त्यालाही पावसाळ्यात बाहेर फिरायचे नसे. डिसेंबरात कॅमेरा घेऊन येणारा पाहुणा ज्या वास्तूपुढे थक्क होतो, ती पुष्कळ अंशी 'प्रवास न करण्याच्या' ऋतूची निर्मिती आहे, हे मला फार गमतीचे वाटते.

व्यापाऱ्याचे वेळापत्रक वाऱ्यावर चाले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक नौकाग्रंथात इजिप्तहून भडोचला जाणाऱ्या जहाजांनी जुलैच्या सुमारास निघावे असे सांगितले आहे. त्याच ग्रंथात पैठण आणि तेर इथला माल गाड्यांवरून, नीट रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला जातो, अशी नोंद आहे. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की एक चित्र तयार होते. नैर्ऋत्य मोसमी वारे जहाजांना आपल्या किनाऱ्याकडे लोटत आणतात, तेच वारे तेरच्या गाडीवानाला घरी बसवून ठेवतात. जहाजे बंदराला लागेपर्यंत पाऊस ओसरत येतो, आणि मग इकडे चाके हलू लागतात. शेवटची जोडणी माझा तर्क आहे, हे प्रांजळपणे सांगते. पण काळ्या मातीत गाडी हाकलेला कोणीही तो नाकारेल असे वाटत नाही.

सतराव्या शतकात फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए सुरतेहून गोवळकोंड्याला गेला, तो मार्ग औरंगाबाद, आष्टी, नांदेड असा आमच्या वेशीवरून जात होता. त्याने बैलांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर गाडीतल्या प्रवाशाला तो जाईपर्यंत दोन-तीन दिवस खोळंबावे लागे. 'ट्रॅफिक जाम' हा शब्द पुण्याने शोधलेला नाही. हे लमाण कोरड्या महिन्यांत धान्य आणि मीठ वाहून नेत आणि पावसाळ्यात गुरांना चारा मिळेल अशा माळावर मुक्काम टाकत. मराठवाड्याच्या नकाशावर आज जे शेकडो 'तांडे' गावाच्या नावासारखे दिसतात, त्या शब्दाचा मूळ अर्थ चालणाऱ्यांचा समूह असा होता. चालणारा समूह स्थिरावला, नाव मात्र तेच राहिले.

परदेशी पाहुण्याने चुकीच्या ऋतूत येऊन काय भोगले, याचा सर्वांत जिवंत पुरावा एका रशियन माणसाचा आहे. अफानासी निकितिन हा त्वेर गावचा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी राजवटीत, चौल बंदराला उतरला. सोबत विकायला एक घोडा होता. चौलहून पाली, मग घाट चढून जुन्नर. तिथे त्याला पावसाने गाठले. त्याने लिहून ठेवले आहे की चार महिने रात्रंदिवस सगळीकडे पाणी आणि चिखल असतो. जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्मांतर केल्यास परत देतो, असा पेच घातला. खुरासानच्या एका खोजाने मध्यस्थी केली म्हणून घोडा आणि धर्म दोन्ही वाचले. ऑगस्टच्या मध्यास तो बिदरकडे निघाला आणि पोहोचायला त्याला सुमारे एक महिना लागला.

यातला एक शब्द मला विशेष वाटतो. निकितिन या पावसाळ्याला 'हिवाळा' म्हणतो. जून-जुलैत, जुन्नरमध्ये! गोव्याचे पोर्तुगीजही आपल्या पावसाळ्याला त्यांच्या भाषेतल्या हिवाळ्याच्याच शब्दाने ओळखत. पहिल्या वाचनात ही चूक वाटते. पण रशियाच्या माणसासाठी हिवाळा म्हणजे केवळ थंडी नव्हे. ज्या काळात वाटा बंद होतात, माणूस एका जागी अडकतो आणि साठवलेल्यावर जगतो तो काळ. त्या व्याख्येने आपला आषाढ-श्रावण हा खराखुरा हिवाळाच ठरतो. ऋतूला नाव तापमानाने नाही, अडलेल्या वाटेने दिले गेले.

आता लष्कर. दसऱ्याला आपण सोने लुटतो आणि 'सीमोल्लंघन' म्हणतो, त्यामागचा व्यवहार उघड आहे. पाऊस सरला, नद्यांना उतार मिळाला, माळावर गुरा-घोड्यांना पोटभर गवत आहे, खरीप हाती येऊ लागले आहे. निघायला याहून बरा मुहूर्त नाही. कालिदासाने 'रघुवंशा'त रघूला दिग्विजयासाठी शरदातच निघायला लावले आहे, आणि कारणेही हीच दिली आहेत : नद्या उतरल्या, चिखल वाळला. पाऊस लागला की मराठी फौजा छावणीला जात. शिवरायांचे चिपळूणच्या छावणीसंबंधीचे प्रसिद्ध पत्र तुमच्यापैकी अनेकांनी वाचले असेल. आताच दाणा-वैरण उधळली तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, ही त्यातली काळजी. ते पत्र आपण बहुधा रयतेच्या कळवळ्याचे उदाहरण म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. पण ते ऋतूच्या हिशेबाचेही पत्र आहे.

गेल्या वर्षीपासून मी एक सवय लावून घेतली आहे. दख्खनच्या लढाईची तारीख वाचली की वहीत तिच्यापुढे महिना आणि पाऊसकाळ लिहायचा. आमच्याच जिल्ह्याच्या परिसरातली सोनपेठ-आष्टीची लढाई, जिथे खानखानान अब्दुर्रहीम (होय, दोह्यांचा रहीम) विजापूरच्या सुहेलखानाशी दोन दिवस झुंजला आणि खानदेशचा राजा अलीखान मोगलांकडून लढताना पडला, ती १५९७ च्या आरंभी, थंडीत. शिवरायांची जालन्यावरची स्वारी नोव्हेंबर १६७९. निजामुल्मुल्काने ज्या विजयावर आपली सत्ता उभी केली ती साखरखेर्ड्याची लढाई ऑक्टोबर १७२४, म्हणजे पाऊस सरता सरता. पालखेड १७२८, पुन्हा थंडीचा शेवट. उदगीर फेब्रुवारी १७६०. खर्डा मार्च १७९५. यादी वाढत गेली तसा रकाना कंटाळवाणा होत गेला : कोरडे, कोरडे, कोरडे.

हा नियम मोडणाऱ्याचे काय होते, ते औरंगजेबाने शेवटच्या वर्षांत दाखवून दिले. किल्ले घेण्याच्या हट्टात त्याने पावसाळ्याची पर्वा सोडली. ऑक्टोबर १७०० च्या सुरुवातीस माण नदीकाठी खवासपूरला त्याची छावणी होती. काही तंबू तर नदीच्या कोरड्या पात्रातच ठोकले होते. वरच्या डोंगरात पाऊस झाला आणि रात्री पुराचा लोंढा छावणीत शिरला. आरडाओरडा ऐकून मराठेच घुसले असे बादशहाला वाटले, तो घाईने उठला, अडखळला आणि त्याचा उजवा गुडघा निखळला. तो पाय पुढे कधीच पुरता बरा झाला नाही. दोन वर्षांनी, जून १७०२ मध्ये विशाळगड हाती आल्यावर तो पन्हाळ्याकडे परतला. अंतर सुमारे पन्नास किलोमीटर, आणि लागले अडतीस दिवस. सह्याद्रीतल्या जून-जुलैची कल्पना असणाऱ्याला या अडतीस दिवसांत हत्ती, उंट, तोफा आणि बाजारबुणगे यांचे काय झाले असेल, हे वेगळे सांगायला नको. ज्याने सारा हिंदुस्थान पाहिला, काश्मीरचा उन्हाळाही अनुभवला, त्या बादशहाला दख्खनचा पाऊस मात्र शेवटपर्यंत ओळखता आला नाही.

माझ्या वहीतल्या त्या कंटाळवाण्या रकान्यात एक तारीख मात्र खटकत होती : १० ऑगस्ट १७६३. सूर्यनक्षत्र आश्लेषा. भर पाऊस. ठिकाण राक्षसभुवन, बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात, गोदावरीचा दक्षिण काठ. तिथले पाणी पुढे आमच्या पाथरी-सोनपेठ-गंगाखेडच्या काठांना लागते.

पानिपताला दोनच वर्षे झाली होती. त्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले-जाळले होते. मराठ्यांनी उलट निजामाचा मुलूख मारत त्याला फिरवत ठेवले होते. पाऊस लागला तसे निजामअलीने प्रत्येक शहाणा सेनापती करील तेच करायचे ठरवले, औरंगाबादेस जाऊन छावणी करायची. वाटेत गोदावरी. तो स्वतः काही फौज, तोफा आणि जडजवाहीर घेऊन उत्तर काठाला उतरला. दिवाण विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर राहिला, आणि नदी चढली.

इथे कौटिल्याचे ते तिसरे वाक्य आठवा. पूर मराठ्यांसाठीही तितकाच मोठा होता, पण त्यांना नदी ओलांडायचीच नव्हती. शत्रूचे दोन तुकडे झाले होते आणि ते तुकडे पाण्याने केले होते. जानोजी भोसले निजामाची बाजू सोडून आला होता. राघोबादादा आणि अठरा वर्षांचे माधवराव पेशवे दक्षिण काठावरच्या फौजेवर तुटून पडले. लढाई एकतर्फी मात्र झाली नाही. राघोबादादा वेढले गेले आणि माधवरावांनी तुकडी घालून त्यांना सोडवले. विठ्ठल सुंदर पडला. पलीकडच्या काठावरून निजामअली हे सारे पाहत होता. त्याच्याजवळ फौज होती, तोफा होत्या, पण मधल्या पाण्यावर इलाज नव्हता.

शाळेत आपल्याला राक्षसभुवन हे पानिपतानंतरच्या सावरण्याचे पहिले पाऊल म्हणून शिकवतात, आणि माधवरावांच्या धैर्याचे म्हणून. दोन्ही खरे आहे. पण धड्यात नदीचा पूर एका विशेषणापुरता येतो. तो काढून टाकला तर ही लढाई समजतच नाही. जो माणूस सुरक्षित ऋतुचर्या पाळत होता तो हरला, आणि ज्याने शत्रूची ऋतुचर्या हेरली तो जिंकला.

चाळीस वर्षांनी हाच डाव आपल्यावर उलटला. १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांविरुद्ध आर्थर वेलस्ली, पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन, ऑगस्टमध्ये मोहिमेवर निघाला. अहमदनगरचा किल्ला त्याने त्याच महिन्यात घेतला आणि भरलेली गोदावरी ओलांडून औरंगाबाद गाठले. हा हट्ट नव्हता, हिशेब होता. मराठ्यांचे बळ हलक्या, वेगवान घोडदळात. ते घोडदळ नद्यांना उतार असतो तोवर हाती लागत नाही. नद्या भरल्या की ते अडते. आपण मात्र ओलांडायची सोय आधी करून ठेवायची. कातडी मढवलेल्या टोपलीवजा होड्या त्याने आधीच तयार ठेवल्या होत्या. २३ सप्टेंबरला जालन्याच्या उत्तरेस असईची लढाई झाली, तीही केळणा नदीच्या उताराच्या शोधातूनच ठरली. दसऱ्याची वाट पाहण्याची रीत ज्याला ठाऊक होती आणि स्वतःला लागू नव्हती, असा शत्रू प्रथमच समोर आला होता. असईचा विचार करताना आपण कवायती फौज आणि तोफा यांवर पुष्कळ बोलतो. त्या टोपल्यांवर फारसे कोणी बोलत नाही.

मग या सगळ्या थांबण्याच्या आणि अडण्याच्या ऋतूत रस्त्यावर उतरणारे कोण? ज्यांच्याजवळ ना तोफा, ना तांडे. ज्या आषाढी एकादशीला देव निजतात आणि चातुर्मास सुरू होतो, म्हणजे शास्त्राप्रमाणे थांबायचे, त्याच एकादशीला गाठण्यासाठी वारकरी महिनाभर आधी घर सोडतो. शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी दरवर्षी परभणीतून गंगाखेड, परळीकडे जाते. गंगाखेड हे जनाबाईंचे गाव, आणि तिथून पंढरीची वाट सातशे वर्षांच्या स्मृतीने मळलेली. पालखी शहरात येते तेव्हा कधी मृगाची पहिली सर अंगावर असते, कधी नुसते ढग आणि उकाडा.

या उलट्या वेळापत्रकाचे कारण शेतीत शोधतात : पेरणी झाली की काही दिवस हात मोकळे होतात. ते खरे, पण पुरेसे नाही. मृगाने दगा दिला तर पेरणी तशीच राहते आणि तरी दिंडी निघते. मला वाटते आणखी एक साधे कारण आहे. चिखल चाकाला अडवतो, पायाला अडवत नाही. घोडदळाला हजारो घोड्यांची वैरण लागते. वारकऱ्याला गावोगावी भाकरी मिळते. ज्याचे ओझे खांद्यावरच्या पडशीएवढे, त्याला ऋतू निवडण्याची सक्ती कमी. दख्खनच्या प्रवासाच्या इतिहासात आषाढी वारी अपवाद म्हणून सांगितली जाते. पायी चालणाऱ्यांचा इतिहास लिहायला घेतला तर कदाचित लष्करच अपवाद ठरेल.

आमच्या भागाच्या इतर यात्रा मात्र कोरड्या महिन्यांतच भरतात. लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा मार्गशीर्षात. घोडे, गाढवे, उंट यांचा बाजार, आणि जनावरांचा बाजार चिखलात भरत नाही. परभणीच्या सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीस असतो. उरूस सहसा हिजरी चांद्र वर्षाप्रमाणे भरतो आणि दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकत सर्व ऋतूंतून फिरतो. आमचा उरूस मात्र कापूस-तुरीचा पैसा हाती असतो त्या दिवसांना धरून बसला आहे. लहानपणी तिथल्या पाळण्यांत बसताना मला हे कधी सुचले नव्हते.

'ऑक्टोबर ते मार्च' या उत्तरावर शिक्का बसला तो इंग्रजी अमलात. थंड देशातून आलेल्या राज्यकर्त्यांना दोन गोष्टी हव्या होत्या : ऊन नको आणि चिखल नको. सरकार १८६४ पासून उन्हाळ्यात सिमल्याला जाऊ लागले. साहेबांचे जिल्ह्यातले तंबू थंडीत पडू लागले. दिल्लीचे तिन्ही दरबार पाहा : १ जानेवारी १८७७, १ जानेवारी १९०३, १२ डिसेंबर १९११. विलायतेहून येणारे पाहुणेही त्याच सुमारास येत आणि त्यांच्यासाठी लिहिलेल्या मार्गदर्शक पुस्तकांत तोच हंगाम 'भारताचा हंगाम' ठरला. तो आपण उचलला. त्यात चूक काही नाही, फक्त तो एका विशिष्ट प्रवाशाच्या अंगमानाने बेतलेला आहे.

दरम्यान वाटांचे शास्त्रच बदलले होते. १९०० च्या आसपास निजामाची हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वे मनमाडपर्यंत सुरू झाली आणि परभणी, पूर्णा, सेलू ही नावे वेळापत्रकात आली. मीटरगेजची ती गाडी आश्लेषातही धावत होती. राक्षसभुवनला ज्या नदीने एका दौलतीची फौज कापली, तिचा प्रवाह पुढे पैठणच्या जायकवाडी धरणाने १९७६ नंतर बांधून घेतला. आता आमच्याकडे गोदावरी केव्हा चढणार, हे आभाळाइतकेच धरणाचे दरवाजेही ठरवतात.

तरी एक हंगाम जुन्या पंचांगानेच चालतो. दसरा-दिवाळी उरकली की गंगाखेड, पालम, सोनपेठकडच्या गावांतून ऊसतोडीची माणसे निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चूल, पत्रे, कोयते, शेळी, लहान पोर. मुकादमाची उचल उन्हाळ्या-पावसाळ्यातच घेऊन झालेली असते. पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात, जिथला कारखाना असेल तिथे. परतायचे ते होळी-पाडव्याच्या आगेमागे. छावणी उठवून निघायचा मुहूर्त तोच, परतीचा महिनाही साधारण तोच. फक्त ही फौज लुटायला जात नाही, आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ती परतेपर्यंत गावात मोजकीच माणसे दिसतात. आमच्या महाविद्यालयातल्या एका मैत्रिणीचे शाळेचे प्रगतिपुस्तक मी पाहिले आहे. तिच्या हजेरीच्या रकान्यात ऑक्टोबर ते मार्च कोरा होता.

दादाला मी शेवटी लांबलचक उत्तर लिहिले. चौघांपैकी कोणाला लेणी आणि किल्ले पाहायचे असतील तर थंडीत ये म्हणावे. लडाखला जायचे असेल तर जुलै-ऑगस्टात. चेन्नईला नोव्हेंबरात जाणार असतील तर छत्री विसरू नका. आणि एखाद्याला दहा-पंधरा किलोमीटर चालायची तयारी असेल, तर आषाढी एकादशीच्या तीन-चार आठवडे आधी परभणीला यावे. पालखी गावात येते त्या दिवशी आमच्या घरी पिठले-भाकरी असते. त्याचा परत प्रश्न आला : "त्या वेळी पाऊस असतो ना?"